पाचव्या डोक्याची मेंदी

१

मेंदी भिजवायला मला कुणी शिकवलं नाही. मला कुणीच काही शिकवलं नाही म्हणा. कराडला सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर झालं. चौसष्टाव्या वर्षी मुलाकडे टोकियोला आले तेव्हा जपानी अक्षरं सुपरमार्केटच्या जाहिरातींवरून लावली, आणि कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा त्या तक्त्यावरून. चंद्रहास म्हणाला होता, "आई, वॉर्ड ऑफिसात फुकट क्लास असतो, नाव घालू का?" मी म्हटलं, "तुझ्या क्लासात मुळा ताजा की शिळा हे विचारायला शिकवतात का?" सहा वर्षांत मी भाजीवाल्याशी भांडण्याइतकी जपानी शिकले. एदोगावा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुली कचऱ्याचा तक्ता घेऊन माझ्याकडे यायच्या, इंजिनियर नवऱ्याला मागे ठेवून. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे मिरवायला सांगतेच आहे, पण ते पुढे लागणारही आहे.

मेंदी शुक्रवारी दुपारी चारला भिजते. कढई लोखंडीच हवी. माझी मी पुण्याहून सामानात आणली, विमानतळावरच्या माणसाने ती दोन्ही हातांनी उचलून शस्त्र असल्यासारखी पाहिली होती. चहा काळा होईस्तोवर उकळायचा, गाळायचा, कोमट होऊ द्यायचा. मेंदी वस्त्रगाळ. आवळकाठी, माका, चिमूट कात, चमचाभर कॉफी, शेवटी लिंबू. माप मुठीचं. वृंदा, माझी सून, तिचे केस खांद्यापर्यंत, चार मुठी. दुसऱ्या मजल्यावरच्या राधिकाचे दाट, पाच. शेजारच्या नेत्राचे विरळ, तीन. ते तिला सांगायचं नाही, सांगितलं की रडते. माझ्या उरल्यासुरल्यांना दोन. चौदा मुठी. कढईच्या कानाला दोन खिळे आहेत, एक खाली, एक वर. चौदा मुठींची मेंदी कालवली की खालच्या खिळ्याला लागते. बोटभरही इकडेतिकडे नाही.

जानेवारीनंतर पाच महिने मी कढई खाली काढली नव्हती. जूनमध्ये राधिका दारात येऊन म्हणाली, "काकू, आता माझं डोकं बघून ट्रेनमध्ये लोक उठून जागा द्यायला लागलेत. काहीतरी करा." म्हणून काढली.

त्या शुक्रवारी चौदा मुठी टाकल्या, कालवलं, उलथन्याच्या पाठीने वरून गुळगुळीत केलं आणि पाहिलं. मेंदी वरच्या खिळ्याला लागली होती.

पावसाळी दमट हवा, मी म्हटलं. फुगली असेल.

२

शनिवारी सकाळी चौघींची डोकी झाली. मी सगळ्यांना बाथरूममध्येच बसवते. इथलं बाथरूम म्हणजे प्लॅस्टिकची एकसंध डबी, भिंत, जमीन, टब सगळं एकात. डाग पडला की लगेच पुसता येतो. त्या छोट्या स्टुलावर बाई बसते, मान खाली घालते, केस पुढे घेते, आणि मी मागून भांग पाडत जाते.

राधिकाच्या कपाळावरचे ओघळ पुसत होते तेव्हा नेत्रा कढईत डोकावली.

"मावशी, एवढी उरली? अजून कोण येणारंय?"

"कोणी नाही."

"आई, जास्त भिजली का?" वृंदा म्हणाली. तिच्या आवाजात ती काळजी होती जी सुना राखून ठेवतात.

"मूठ मोठी झाली असेल माझी," मी म्हटलं. "तुमचं खाऊन."

राधिका हसली. मग नाक वर करून म्हणाली, "पण वास मस्त येतोय. युझु घातलात का?"

नेत्राने माझ्याकडे पाहिलं. राधिका मार्चमध्ये राहायला आलेली, तिला माहीत नव्हतं. युझु म्हणजे इथलं ते पिवळं, सुरकुतलेलं लिंबू. ते थंडीत मिळतं. जूनमध्ये कुठल्याही दुकानात पिवळा युझु नसतो, आणि मी जन्मात कधी मेंदीत तो माझ्या मनाने घातला नाही. एकच बाई सोबत त्याच्या साली घेऊन यायची. म्हणायची, "काकू, लिंबाऐवजी हे घाला ना. मेंदीचा वास घरात कळत नाही मग."

उरलेली मेंदी मी उपसून पिशवीत भरली. भरताना मोजली. सहा मुठी.

सुनेत्राचे केस कमरेपर्यंत होते. तिला सहा लागायच्या.

३

सुनेत्रा आमच्या बरोब्बर वर, पाचव्या मजल्यावर राहायची. नवरा उदय, चंद्रहासच्याच कंपनीत, त्याच्या वर. ऑफिसात सगळे त्याला उदय-सान, म्हणजे उदयसाहेब, म्हणायचे, आणि चंद्रहास घरी, जेवताना, आपल्या आईशी बोलतानासुद्धा उदय-सानच म्हणायचा. त्याचं कॉन्ट्रॅक्ट दर मार्चमध्ये नवं व्हायचं, आणि ते उदयच्या शब्दावर. कॉन्ट्रॅक्टवर व्हिसा, व्हिसावर हे घर, नात रुचाची शाळा आणि मी.

मुलगी आर्या, अकरा वर्षांची. आईसारखेच लांब केस. सुनेत्रा तिला दोन घट्ट वेण्या घालायची.

डोकं हातात असलं की माणसाचं बरंच कळतं. कोण झोपत नाही, कोण जेवत नाही. मी तोंडाची फटकळ, ज्याचं त्याला तिथल्या तिथे ऐकवते. नेत्राला सांगितलं होतं की सासूचा राग केसांवर काढू नकोस. वृंदाला तर काय काय सांगितलंय.

मागच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी सुनेत्रा स्टुलावर बसली होती. उजव्या कानामागची बट मी उचलली आणि तिच्याखाली केसच नव्हते. रुपयाएवढी जागा. कातडी लाल, छोटे छोटे टिपके, जिथून केस मुळासकट उपटले गेले तिथे. ताजी होती.

ती मान खाली घालून होती. हात मागे आणून तिने त्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "काकू, दिसतंय का?"

मी वाटीत थोडी मेंदी वेगळी काढली, तीत कात आणि कॉफी वाढवली, घट्ट केली, आणि ती जागा लिंपली. तासाभराने धुतलं तेव्हा कातडी केसांच्याच रंगाची झाली होती. दुसऱ्या दिवशी कम्युनिटी हॉलमध्ये आरतीला ती अंबाडा घालून उभी राहिली आणि उदय तिच्या शेजारी टाळ वाजवत होता.

"काही दिसत नाही," मी तिला म्हटलं होतं.

त्यानंतर दोनदा लिंपलं. दोन वेगळ्या जागा. दोन्ही वेळा तिने तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. आयुष्यात मी एकाच बाबतीत तोंड आवरलं. आणि तेव्हा मला वाटत होतं की मी तिची अब्रू झाकतेय.

४

जानेवारीतला गुरुवार. वृंदा शाळेत कामाला, रुचा शाळेत, चंद्रहास ऑफिसात. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. अकराला वीस मिनिटं कमी. आमच्या गॅसच्या वर घड्याळ आहे.

इथे आंघोळीच्या गरम पाण्याला भिंतीत एक पट्टी असते, बटणांची. एक बाथरूममध्ये, एक स्वयंपाकघरात. आतल्या पट्टीवर बोलावण्याचं बटण असतं. म्हातारं माणूस आत घसरलं, काही लागलं, तर दाबायचं. मग स्वयंपाकघरात घंटी वाजते आणि एक बाई गोड आवाजात सांगते की बाथरूममधून बोलावत आहेत. मशीनमधली बाई. पाणी तापलं की तीच सांगते.

वरच्या घरात ती घंटी वाजली. मग ती बाई बोलली. छत पातळ आहे, हवेच्या झरोक्यातून तर शब्द न् शब्द उतरतो. पुन्हा वाजली. पुन्हा.

माझ्या डोक्यावर, वरच्या स्वयंपाकघरात, चपला चालल्या. फ्रीजपासून टेबलापर्यंत. खुर्ची ओढली गेली. कोणीतरी बसलं. घंटी वाजत होती.

अकरा वेळा. मोजायची मला सवय आहे. अकरानंतर वाजली नाही. बऱ्याच वेळाने खुर्ची मागे सरकली.

बाराच्या सुमाराला ॲम्ब्युलन्स आली. सुनेत्रा बाथरूममध्ये घसरली, डोकं टबाच्या कडेवर आपटलं, असं सांगितलं गेलं. उदय म्हणाला, तो बाहेर गेला होता, आला तेव्हा ती पडलेली होती.

संध्याकाळी पोलीस प्रत्येक दारात गेले. आमच्याकडे आले तेव्हा मी एकटी. एक पुरुष आणि एक मुलगी, वृंदाच्या वयाची. ती माझ्यापुढे थोडी वाकली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, सकाळी वरून काही आवाज आला का?

मला सगळं कळलं. क्रियापदसुद्धा. माझ्याकडे उत्तरही तयार होतं, तारीख, वेळ, आकडा, सगळं जपानीत. मी मनात जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात जिन्यात उदय दिसला, दोन पायऱ्या वर, भिंतीला टेकून. डोळे सुजलेले. माझ्याकडे बघत नव्हता. मला मार्च आठवला.

"निहोंगो वाकारिमासेन," मी म्हटलं. जपानी येत नाही.

ती मुलगी कमरेत वाकली. माझी क्षमा मागून गेली.

दुसऱ्या दिवशी पोलिसांचा फोन आला, चंद्रहासने घेतला. त्याने हातानेच विचारलं. मी त्याला म्हटलं, "मी टीव्ही लावला होता." त्याने तेच जपानीत सांगितलं.

मार्चमध्ये चंद्रहासचं कॉन्ट्रॅक्ट झालं. मार्चमध्येच उदय बदली घेऊन नागोयाला गेला, तिथल्या गाड्यांच्या कंपनीचं काम बघायला. निघताना आर्या जिन्यात भेटली. केस कापलेले, अगदी बारीक, कुठे लांब कुठे आखूड.

"कुणी गं कापले?"

"मीच," ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुठीत काहीच येत नव्हतं. तेवढ्यासाठीच कापले होते.

५

जुलैत पुन्हा शुक्रवार आला. या वेळी मी माझ्यावर भरवसा ठेवला नाही. एक मूठ टाकली की ताटलीत एक हरभरा. चौदा हरभरे झाले, थांबले. कालवलं. खालचा खिळा. बरोब्बर. वरून गुळगुळीत केलं, झाकण ठेवलं. मनात म्हटलं, बघ बाई, तेव्हा तुझंच चुकलं होतं.

सकाळी झाकण काढलं. वरचा खिळा.

आणि गुळगुळीत केलेल्या मेंदीच्या मधोमध एक खळगा होता. बोट बुडवून वर काढल्यासारखा. रंग सुटला का ते पाहायला बायका असंच बोट बुडवतात आणि तळव्यावर ठिपका देतात. मी देत नाही. आमचे हे गेल्यापासून मी तळव्याला मेंदी लावलेली नाही, मी टिश्यूवर बघते. सुनेत्रा मात्र म्हणायची, "माझ्या हातावर बघा." आणि स्वतःच बोट बुडवायची.

खळग्यात वाकून वास घेतला. युझु.

ताटलीत हरभरे मोजले. चौदा.

मी कढई तशीच ठेवून बाहेर आले. रुचा टेबलावर दूध पीत होती. माझी नात, नऊ वर्षांची. मी मराठीत बोलायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं, असं आमचं सहा वर्षं चाललंय. मी विचारलं, "रुचू, स्वयंपाकघरात कोणी आलं होतं का गं?"

तिने दुधाचा ग्लास खाली ठेवला आणि काहीतरी सांगितलं.

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं. हाताने बाथरूमकडे दाखवलं. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. पोरगी बोलत होती, आवाज येत होता, आणि त्यातला एक शब्द मला कळत नव्हता. बंद खिडकीपलीकडे माणूस बोलतो तसं.

"मराठीत सांग."

रुचाने आठवून पाहिलं. मग खांदे उडवले.

फ्रीजवर कचऱ्याचा तक्ता लावलेला आहे. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोच तक्ता, ज्यावरून मी अक्षरं लावली, जो मी डोळे मिटून म्हणू शकते. चित्रं होती. बाटली, डबा, माशाचा सांगाडा. चित्रांच्या बाजूला काळ्या रेघा होत्या. नुसत्या रेघा.

त्या दिवशी चौघींना मेंदी लावताना मी कुणाशी बोलले नाही. राधिका म्हणाली, "काकू, आज शिव्या नाहीत?"

सहा मुठी उरल्या.

६

मी लपवायचा प्रयत्न केला. भाजीवाल्याकडे बोटाने दाखवायला लागले. पण मंगळवारी मी काचेच्या बाटल्या चुकीच्या दिवशी खाली ठेवल्या आणि वृंदाला कळलं.

चंद्रहासने रविवारी मला समोर बसवलं. त्याच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी होती.

"आई, साधी टेस्ट असते. घड्याळ काढायला सांगतात, तारीख विचारतात."

"आज चार ऑगस्ट. आषाढ संपत आला. घड्याळही काढू?"

"मग जपानी का येत नाही तुला? मेंदी दुप्पट का भिजवतेस? वृंदा म्हणते, तू बाथरूमच्या बाहेर उभी राहून ऐकत असतेस."

"मला पोलिसांकडे घेऊन चल," मी म्हटलं.

मग मी त्याला सांगितलं. सगळं. कानामागची जागा, मी लिंपलेली. घंटी. चपला. खुर्ची. अकरा. जिन्यात उभा असलेला उदय. मी काय म्हटलं ते. वृंदा दारात उभी होती, तिने तोंडावर हात घेतला होता.

"आई," चंद्रहास शेवटी म्हणाला, "तू म्हणाली होतीस टीव्ही लावला होता."

"खोटं म्हणाले होते."

"सात महिने झाले. आता तुला फ्रीजवरचा तक्ता वाचता येत नाही, आणि तू म्हणतेस जानेवारीत अकरा वेळा घंटी वाजली. कोण खरं धरेल? पहिला प्रश्न काय विचारतील सांग?"

"ती पोरगी त्याच्यापाशी आहे. केस कापलेत तिने."

"मुली कापतात केस."

"अशा नाही कापत."

तो उठला. खिडकीशी गेला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो जे करत होता ते माझंच होतं, मी जानेवारीत दारात उभी राहून केलं तेच. माझ्याच हाताखाली शिकलेलं पोर.

"तुला थोडे दिवस श्याममामाकडे पाठवू का, पुण्याला?" तो तिकडे तोंड करूनच म्हणाला. "बरं वाटेल तुला."

"मी वेडी नाही."

"नाहीच म्हणत, आई."

वृंदा मात्र रात्री भांडी घासताना हळूच म्हणाली, "कोणत्या कानामागे?" मी सांगितलं. तिने नळ सोडून दिला आणि बराच वेळ ते एकच पातेलं घासत राहिली.

७

मागच्या गुरुवारी घरात मी एकटी होते. कढईत मेंदी होती. शुक्रवार नव्हता. मी भिजवली नव्हती. सकाळी उठले तेव्हा कढई ओट्यावर होती आणि भरलेली होती, वरच्या खिळ्यापर्यंत. माझ्या नखांत हिरवं होतं. ते मी अमान्य करत नाही. हात माझेच असतील.

अकराला वीस मिनिटं कमी असताना स्वयंपाकघरातली पट्टी वाजली.

आमची पट्टी. आमच्या बाथरूममधून. मग ती मशीनमधली बाई बोलली. तिचं बोलणं मला आता कळत नाही, पण तिने काय म्हटलं ते विसरायला मला जमलेलं नाही.

मी स्वतःला म्हटलं, वायर खराब असेल. घंटी पुन्हा वाजली. मी म्हटलं, खुर्चीवर बसू नकोस. एवढंच स्वतःला सांगत होते, बाकी काही नाही. काहीही झालं तरी त्या खुर्चीवर बसायचं नाही.

चौथ्या घंटीला मी कढई उचलली आणि गेले.

बाथरूमचं दार घडीचं आहे, दुधी प्लॅस्टिकचं. आत दिवा नव्हता, झरोक्याचा उजेड होता. दारापलीकडे, खाली, स्टुलावर, कोणीतरी पाठमोरं बसलेलं होतं. मान खाली. केस पुढे घेतलेले. आमच्याकडच्या बायका बसतात तसं. दुधी प्लॅस्टिकमधून चेहरा कळत नाही, कपडे कळत नाहीत. मानेचा पांढुरका पट्टा तेवढा कळतो, आणि त्याच्या वर, उजव्या कानामागे, एक जागा, बाकीच्यापेक्षा फिकट.

मी दाराला हात लावला नाही. लावायला हवा होता की नाही ते मला अजून ठरवता येत नाही.

दारापलीकडे एक हात मागे आला. सावकाश. बोट त्या फिकट जागेवर टेकलं आणि तिथेच राहिलं. वाट बघत.

कढई जड होती. मी ती कमरेला टेकवली.

"दिसतंय," मी म्हटलं. "दिसतंय गं बाई. पहिल्या दिवसापासून दिसतंय."

हात खाली गेला नाही. मी आणखी काय म्हणायला हवं होतं? मी तेच पुन्हा म्हटलं. तो हात तसाच राहिला, आणि मला कळलं की हे तिला सांगून भागणार नाही. तिला माहीत होतंच.

मी कढई जमिनीवर ठेवायला वाकले. वर पाहिलं तेव्हा दुधी प्लॅस्टिकमागे नुसता झरोक्याचा उजेड होता. दार सारलं. स्टूल ओलं होतं. कढईत मेंदी खालच्या खिळ्यावर आली होती.

८

मी हातही धुतले नाहीत. तशीच निघाले. स्टेशनाजवळ पोलिसांची छोटी चौकी आहे, कोबान. रोज भाजीला जाताना तिच्यावरून जाते. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. सात महिने जुळवून ठेवलेली. जानेवारी, गुरुवार, पाचवा मजला, घंटी, अकरा, चपला, खुर्ची. मनात ती जपानीत येत होती. खरंच येत होती, एकामागून एक, मी पावलागणिक म्हणत होते. मला वाटलं, सुटले.

आत एक तरुण पोलीस होता. त्याने उठून खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. माझे हिरवे हात बघून त्याने आधी टिश्यूचा डबा सरकवला. मग काहीतरी विचारलं, हसून.

मी तोंड उघडलं.

"निहोंगो वाकारिमासेन."

पुन्हा उघडलं. तेच आलं. जीभ दुसरीकडे वळवली, वेगळ्या शब्दापासून सुरुवात केली, आणि सगळ्या शब्दांचं त्या एकाच वाक्यात पाणी झालं. मी सहा वर्षांत शिकलेल्या भाषेतलं तेवढंच मला ठेवलं होतं.

तो बिचारा समजुतीने मान हलवत राहिला. मग त्याने आपला फोन काढला, पडद्यावर झेंडे होते, मी आपला दाखवला. त्याने फोन माझ्या तोंडापुढे धरला. मी हिंदीत सांगितलं. सगळं, क्रमाने, नावं घेऊन, न रडता. आर्याचं सांगितलं. नागोया सांगितलं. पाच मिनिटं तरी बोलले असेन.

फोनने क्षणभर विचार केला. मग एक बाई गोड आवाजात बोलली. इतकंसं. पाच मिनिटांचं एक छोटं वाक्य.

पोलीस कमरेत वाकला. माझी क्षमा मागितली.

फोन काय म्हणाला ते मला कळलं. ते एकच वाक्य मला अजून कळतं.

९

म्हणून हे मराठीत लिहितेय. ही भाषा मी पुड्यांवरून शिकले, ती माझ्याकडे अजून आहे. उद्या असेल की नाही, ते मी आता गृहीत धरत नाही, म्हणून आजच बसले. डॉक्टरची तारीख सोमवारची आहे. पुण्याचं तिकीट अजून काढलेलं नाही, पण चंद्रहास रात्री फोनवर बघत असतो.

वृंदा, ही वही मी कढईखाली ठेवणार आहे. शनिवारी तू ती उचलशील. तू एकटीने विचारलंस, कोणत्या कानामागे. उजव्या. मी वर लिहिलंय, महिना, वार, वेळ लिहिलीय, ते तपासून बघता येईल. मेंदीचं आणि बाथरूमचं जे लिहिलंय ते वगळ. ते वाचून लोक मला वेडी म्हणतील आणि उरलेलंही टाकून देतील. तिसरा आणि चौथा भाग तेवढा जपानीत उतरव. चंद्रहासला आधी विचारू नकोस. तो नाही म्हणणार नाही, तो फक्त खिडकीशी जाऊन उभा राहील, आणि तेवढ्यात आणखी सात महिने जातील. घराचं काय होईल ते मला माहीत आहे. मी ते एकदा वाचवून बघितलंय.

आर्याच्या केसांना आता पाच महिने झाले. मुलींचे केस महिन्याला अर्धा इंच वाढतात. एव्हाना मुठीत येत असतील.

आत्ताच पट्टी वाजली. अकराला वीस मिनिटं कमी. ती बाई भिंतीतून काहीतरी सांगतेय, मला शब्द कळत नाहीत. मी मोजतेय.

सात झाल्या.